मागितलेला उजेड

तुंगारकाकांनी लॅपटॉपच्या पडद्यावर
पतंगाचा पिवळा कागद लावलाय,
चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी.
त्यातून तीन सोसायट्यांचे हिशेब
हळद लागल्यासारखे दिसतात.

"कमीच होत नाही गं," ते म्हणाले,
"कळ दाबली की पट्टी खाली जाते,
ते सूर्याचं चित्र बारीक होतं,
आणि उजेड आहे तिथेच.
तापकीर गल्लीतला पोरगा म्हणतो, जुनं मशीन, असंच चालायचं."

पर्वती पायथ्याची दोन खोल्यांची जागा.
आतल्या खोलीत कुंदाताई, ऑगस्टपासून अंथरुणाला.
काका रात्री त्यांच्या पायाशी बसून
मेंटेनन्सची थकबाकी लावतात.
बाहेरच्या खोलीत का बसत नाही,
हे मी विचारलं नाही.

मी दिवसा बाणेरला
मोटारींच्या डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर लिहिते,
वेगाचा काटा वेळेवर हलावा म्हणून लोकांशी भांडते.
म्हटलं, द्या दोन दिवस.

पहिल्या रात्री एवढंच कळलं की कळ खोटं बोलत नाही.
एफएन आणि एफ-पाच मिळून एक आकडा पाठवतात,
तो कर्नलपर्यंत नीट पोचतो,
पट्टी त्याचं ऐकते.
मग मी दोन फाइली उघडल्या.
एकीत मागितलेला उजेड: तीन.
दुसरीत मिळालेला: पंधरा.
पुन्हा दाबलं. दोन. पंधरा.
एक. पंधरा.

बराच वेळ मी त्या पंधराकडे बघत बसले.
खालच्या मजल्यावर कुंदाताई कण्हत होत्या,
तेही एका लयीत, सवयीचं.
कळ दाबायची असते आणि सोसायचीही,
दोन्हीला आपल्याकडे शब्द एकच.

दुसऱ्या रात्री दोष सापडला.
एका दिव्याचे दोन मानकरी:
एक कंपनीचा जुना ड्रायव्हर, एक ग्राफिक्सचा.
जुना पुढे बसलेला. हुकूम आला की मान डोलावतो,
"झालं" म्हणतो,
आणि ज्या तारेला काहीच जोडलेलं नाही
तिथे आकडा लिहून ठेवतो.
ज्याच्या हातात खरा दिवा
त्याला कोणी हाकच मारत नाही.
(आमच्या ऑफिसात असे चार जण आहेत. असो.)

मशीन सुरू होतानाच्या ओळीत मी एक शब्द घातला:
जुन्याने बाजूला व्हावं.
पुन्हा सुरू केलं, कळ दाबली,
आणि खोली पायरी पायरीने
माझ्यापासून लांब गेली.
दीड वाजला होता. मी एकटीच हसले.

सकाळी काकांना कागदावर लिहून दिलं:
शून्यावर पूर्ण काळोख होतो. घाबरायचं नाही.
वरची कळ चाचपून दाबायची, डावीकडून सहावी.
त्यांनी पतंगाचा कागद सोलून
घडी करून खिशात ठेवला. टाकला नाही.

चार दिवसांनी जिन्यात भेटले.
"चालतंय ना?"
"एकदम. पहिल्या रात्री एकावर आणला.
हिला झोप लागेल म्हणून.
तर अर्ध्या तासाने म्हणते,
अहो, तुम्ही आहात ना तिथे?
म्हटलं, आहे की.
म्हणते, मग दिसत का नाही?
रोज तुमचं तोंड दिसायचं, निळं निळं,
आकडे लागले नाहीत की ओठ हलायचे,
ते बघत पडायचे मी."

त्यांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"आता चारावर ठेवतो.
चारावर माझे ओठ दिसतात,
आणि तिच्या डोळ्यांवर येत नाही.
साडेतीन असतं का गं?"

नसतं, काका. पण बघते.
पंधराच्या जागी शंभर पायऱ्या करता येतात,
ग्राफिक्सवाल्याला तेवढं कळतं.
आणि पुढच्या अपडेटला माझी ओळ
बहुतेक पुसली जाईल.
उजेड एकदम पंधरावर गेला
तर किती का वाजले असेनात,
वर येऊन कडी वाजवा.