कुर्लीचं बीळ

पाटोवरच्या चौथ्या मजल्यावर
माझ्याकडे धोक्यांची वही आहे.
आहे तक्ताच, पण मिस्किता साहेब वही म्हणतात.
त्रेसष्ट ओळी. प्रत्येकीला शक्यता, प्रत्येकीला परिणाम,
दोन्हींचा गुणाकार, आणि गुणाकाराचा एक रंग.
दोन वर्षं मी हे गुणाकार करते
आणि पगार घेते.

काम साधं होतं. खाजन शेतांचे सगळे कागद,
कुळं, बांध, मानशी, दुरुस्तीचे पैसे,
एका पडद्यावर.

ओळ चार. गरजांची बैठक.
कमुनिदादीचे जुने कारकून आव्हेर्तान लोबो आले नाहीत,
गावात फेस्त होतं.
त्यांच्या जागी कुणीतरी सही केली.
हिरवी.

ओळ एकोणीस. आराखडा.
नावाला तीस रोमी अक्षरं पुरतील का?
सोयरू म्हणाला, माझं आडनावासकट चौदात बसतं.
हिरवी.

ओळ सत्तावीस. जुन्या वह्यांचे समास
स्कॅन करायचे तर खर्च वाढतो.
नाही केले. हिरवी.

ओळ चाळीस. चाचणी.
सर्व्हर बंदरात अडकले,
सहा आठवड्यांचे उरले नऊ दिवस.
त्यात आम्ही दोनशे खोटी माणसं घडवली,
सगळी आखूड नावांची,
कुणाचं कुणाशी भांडण नाही, नातंही नाही.
सगळी पास.
पिवळी, कारण तारीख जवळ आली की
तांबडा रंग वापरत नाहीत.

उद्घाटनानंतर अकराव्या दिवशी खिडकीशी आली
मारीया पिएदाद दा कोन्सेसांव रेबेलो ई मास्कारेन्यश.
पडद्यावर ती ‘रेब’पाशी संपली होती.
‘रेब’पर्यंत तिची चुलत बहीणही तीच,
जी लिस्बनला असते
आणि जिला बांध आठवतही नाही.
यंत्राने दोघींची एक केली
आणि बांधाचे पैसे समुद्रापार पाठवले.

लोबोंच्या वहीत तिच्या नावापुढे
एकच शब्द होता, धाकटी.
समासात.

मी रायबंदरहून फेरीने चोडणला गेले,
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
पिएदादच्या शेताला पाणी लागलं होतं.
पुतू गांवकर मानशीपाशी, गुडघाभर चिखलात.
शेताच्या अंगाला झिरपत होतं
तिथे बोट दाखवून मी म्हटलं, हे बुजवा ना.
तो हसला नाही, एवढी दया केली.
‘बाय, उदक दिसता थंय बीळ आसना.’
मग बांध ओलांडून नदीच्या बाजूला उतरला,
काखेपर्यंत हात घातला,
कुर्ली काढली.
तिच्या बिळातून दुसरीचं बीळ,
दुसरीच्यातून तिसरीचं,
मध्ये उंदरानेही आपली वाट काढलेली.
एकटीने बांध फुटत नाही म्हणाला.
शेजारीण लागते.

रात्री छापील तक्त्यावर शिसपेन्सिल घेऊन बसले.
चारवरून सत्तावीसवर रेघ, चारवरूनच एकोणीसवर,
दोन्हींवरून चाळीसवर,
चाळीसवरून एकसष्टवर, ‘तक्रारी : किरकोळ’.
मग थांबताच येईना.
कागद विणलेल्या जाळ्यासारखा झाला
आणि मासा कुठे ते दिसेना.

सकाळी मिस्किता साहेबांनी चष्मा पुसून तो पाहिला.
छान आहे, म्हणाले, मनापासून म्हणाले.
पण अहवालाच्या नमुन्यात रेघांना जागा कुठे?
सरासरी काय येते?
सरासरी हिरवी येते, साहेब.
मग झालं तर.

मी एक रकाना वाढवलाय, मथळा ‘कुठून आला’.
दर शुक्रवारी तो कुणीतरी लपवतं,
दर सोमवारी मी उघडते.
यावर आमचं अजून भांडण झालेलं नाही.

लिस्बनला पत्र गेलंय.
पुतूने उधारीवर चिखल टाकलाय.
परवा अवस, भरती रात्री साडेअकराला,
आणि ओळ चार
अजून हिरवी आहे.