कच्ची टीप

डोमाजी नन्नावरेंना बेडका पडत नाही.
तीन दिवस झाले, डबी रिकामीच परत येते,
तळाशी थोडी लाळ, लाजल्यासारखी.
म्हणून आज लघवी. म्हणून ही पट्टी.

कुरखेड्याच्या ग्रामीण रुग्णालयात
माझी खोली एक्स-रेच्या कुलपाशेजारी.
खिडकीखाली तणसाचा ढीग,
त्यावर शिपायाची शेळी चढून बसलेली.
मी मोजून थेंब सोडते
आणि घड्याळ पंचवीस मिनिटांवर लावते.

त्यांच्या फाइलच्या कोपऱ्यात आधीपासून एक खूण आहे,
जुनी, दुसऱ्या आजाराची. ती मी मोठ्यानं वाचत नाही.
तेही त्या बाजूला बघत नाहीत.

"ह्या कागदाले कसं समजते वं माय,
माह्या आंगात कोन बसला हाय थे?"

काय सांगू. सांगते:
दूर कुठल्या देशात एक ससा होता.
त्याला मेलेले जंतू टोचले,
त्याच्या रक्तानं ते ध्यानात ठेवले.
ती आठवण काढून, गाळून, सुकवून
या कागदावर एका रेघेत बसवली आहे.
आम्ही तिला प्रतिपिंड म्हणतो.
जंतू छातीत लपला तरी
त्याच्या पांघरुणाचे धागे लघवीत उतरतात.
रेघ त्यांना धरते.

"म्हन्जे चेहरा नाही पाहात?"
नाही. फक्त कोट.

ते हसतात, हसण्यात खोकला अडकतो.
वडशाच्या नाटक कंपनीत एकतीस हंगाम
कपड्यांची पेटी त्यांच्याकडे:
राजाचा अंगरखा, फौजदाराचा पट्टा,
खलनायकाचा तो जांभळा कोट
ज्याची बगल तीन नटांनी फाडली.
मंडईच्या रात्री जनरेटर बंद पडला
तर अंधारात हात लावून सांगत,
ही बाही कुणाची, हा घाम कुणाचा.
"नट बदलते माय. शिवन नाही बदलत."

कॉलेजात मला हे कुणी असं शिकवलं नव्हतं.
कुलूप, किल्ली, वाय अक्षराचा आकार,
परीक्षेपुरतं पाठ.
सशाचं पुढे काय झालं
हे वर्गात एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

बारा मिनिटं. वरची रेघ उमटली.
ती येतेच, पट्टी शाबूत असल्याची खूण.
खालची जागा कोरी.
डोमाजी बाहेर जाऊन खाकरून येतात,
डबी तशीच कोरडी, माझ्यासमोर ठेवतात,
उधारी न फिटल्यासारखे.

पंचवीस. पट्टी खिडकीशी धरते,
शेजारी नमुन्याचं कार्ड.
डोळे बारीक करते. आहे? की भास?
माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा नाही,
कारण रेघ नसावी असं मला वाटतं आहे.

ते खुर्चीतून वाकतात.
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
कार्डाकडे बघतही नाहीत.
"हाय," म्हणतात. "कच्ची टीप हाय. पन हाय."

मी कार्ड पुन्हा पाहते. हाय.
रजिस्टर ओढते.

सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही, सांगते.
ते बोटांच्या पेरांवर महिने मोजतात,
पौषापासून.
"म्हन्जे आखाडात सुटलो.
दिवाळीच्या पयले पेटीले ऊन दाखवा लागते.
कसर लागते नाही तं."

आणि उठता उठता
माझ्या ॲप्रनची उसवलेली बाही
दोन बोटांत धरून पाहतात,
बराच वेळ, काही न बोलता.