डांबर सोडायचं नाही

सकाळी साडेसातला सेनादने गाडीचं दार सरकवलं
आणि पहिली सूचना दिली ती पट्ट्याची नव्हे.
"कुठेही थांबू. फोटोला, लघवीला, कशालाही.
पण डांबर सोडायचं नाही."
आम्ही सहा जण हसलो. तो हसला नाही.

मग नदी आली.
हिरवी म्हणावी, तर हिरवा रंग इतका थंड
मी आधी पाहिला नव्हता.
प्रत्येक बोगद्यानंतर ती पुन्हा शेजारी,
जणू तिलाही मोस्तारलाच उतरायचं होतं.

एक घर : छप्पर नाही,
खिडकीतून अंजिराचं झाड बाहेर डोकावतंय.
त्याला लागून दुसरं, नवं, गुलाबी,
दोरीवर तान्ह्या बाळाचे मोजे.
पुढच्या गावात भिंती
देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यांसारख्या.
कुणी खड्डे बुजवले होते, पण नवं सिमेंट गडद,
त्यामुळे कुठे कुठे लागलं होतं
ते आता जास्तच नीट दिसत होतं.
मी फोटो काढला.
चांगला आला. म्हणून पुसला.
मग पुढच्या वळणावर पुन्हा काढला.

दुपारी झुम्राबाईंच्या अंगणात मध चाखायचा कार्यक्रम.
कुंपणापलीकडे कुरण होतं,
निळं, जांभळं, मधेच पिवळं, वाऱ्यावर कलणारं,
आणि काठीवर लाल पाटी. पाटीवर कवटी.
"तीस वर्षं तिथे विळा लागलेला नाही," त्या म्हणाल्या,
सेनाद तोडकंमोडकं आमच्यासाठी उलगडत होता,
"म्हणून फुलं अशी.
आणि माझ्या माश्यांचं वजन ते किती!"
त्यांनी चमचा एप्रनला पुसून पुढच्याला दिला.
"भाऊ तिथे गेला होता. वासरू आणायला."

कुणी काही विचारलं नाही.
मध थोडा कडवट होता, मग गोड,
मग जिभेवर बराच वेळ नुसताच.
मी दोन बरण्या घेतल्या.
सुटे पैसे मोजता मोजता त्या म्हणाल्या,
"वासरू आलं परत. त्याच संध्याकाळी. आपलं आपण."
सेनादने हे उलगडलं नाही लगेच.
गाडीत बसल्यावर, चावी फिरवण्याआधी, सांगितलं.

परत आलो तेव्हा शहरात दिवे लागत होते.
बागेतल्या हिरवळीवर पोरं चेंडूमागे लोळत होती,
जोडपी, कुत्री, कलिंगडाच्या साली.
ही हिरवळ कित्येकदा तपासून झालीय,
हे त्यानेच सकाळी सांगितलं होतं.
पलीकडून त्याची मुलगी हाका मारत होती,
सहा-सात वर्षांची, एका पायात चप्पल.
"बाबो, इकडून ये! इकडून जवळ आहे!"

तो फरशीच्या काठाशी आला. थांबला.
बुटाचं टोक काठाबाहेर गेलं,
गवताला टेकलं न टेकलं,
आणि परत आलं.

मग तो वळसा घेऊन निघाला,
कारंज्याला, बाकांना, आइस्क्रीमच्या गाडीला, सगळ्याला वळसा,
आणि ती पोर, रोजचंच असल्यासारखी,
हिरवळीवरून आडवी पळत
त्याच्याआधी तिकडे जाऊन उभी राहिली.