धक्का

आमच्याकडे जेटीला धक्का म्हणतात,
आणि माणसानं माणसाला दिला तर त्यालाही.
पालशेवडीच्या तरीवर मी दोन्ही सांभाळतो,
सकाळी सहा ते रात्री साडेनऊ,
मध्ये जेवायला अर्धा तास.

लाँचच्या कुशीवर पांढऱ्या रंगात लिहिलंय: माणसं ५४.
मी चोपन्न सुपाऱ्या उजव्या खिशात घेऊन उभा राहतो.
एक माणूस फळीवर चढला,
एक सुपारी डाव्या खिशात.
कडेवरची दोन पोरं, मिळून एक.
टोपलीभर बांगडा, एक.
सुलोचना मयेकरीण भांडते, बांगड्याला कसलं तिकीट?
तिकीट नाही गं बाय, वजन.
उजवा खिसा रिकामा झाला
की दोर खाली.

आधी उतरणारे, मग चढणारे.
एवढं एक वाक्य बावीस वर्षं बोलतोय
आणि रोज कुणीतरी ते पहिल्यांदाच ऐकतं.

शिमग्यात मात्र खिसा पुरत नाही.
पौर्णिमेचं उधाण, म्हणून सुकतीही तेवढीच खोल.
तिन्हीसांजेला पाणी उतरत उतरत
धक्क्याच्या त्या सात पायऱ्या उघड्या पडतात
ज्या एरवी कालवांच्याच.
वर शेवाळ.
पालखी पलीकडच्या वाडीला जायची
आणि सगळ्यांना तिच्याच फेरीत जायचं.

मी पालखीच्या सहा सुपाऱ्या टाकल्या.
भोई चार,
आणि दोन तिच्या, चांदीच्या रूपांच्या.
धाकू शितप भडकले, देवीला मोजतोस?
सुकाणूपासून उस्मान सोलकर म्हणाला,
"तो नाय मोजत ओ. पाणी मोजतंय."

एवढ्यात मागून रेटा आला.

रेटणारा काही वाईट नसतो,
त्याला पाणी दिसत नसतं, एवढंच.
त्याला दिसते पुढच्याची पाठ, पाठीपलीकडे गुलाल,
आणि कानात ढोल, तो तर अगदी फळीपाशी वाजतोय.
पुढच्यांना पाणी दिसतं,
पण पाय आता त्यांचे राहिलेले नसतात.
मयेकरणीची एक चप्पल
सातव्या पायरीवरून गेली, तरंगत लाँचखाली.
मी ओरडत होतो.
ढोलात कोण ऐकतो.

तेव्हा मी जनू पांगळ्याचा दंड धरला
आणि कानात म्हटलं, वर जा.
बर्फाच्या कारखान्यापाशी जा, चिंचेखाली उभा राहा
आणि तिथं जीव खाऊन वाजव.
तो म्हणाला, देवी इथं आणि ढोल तिथं?
जा म्हटलं ना.

गेला, ढोल डोक्यावर घेऊन.
चिंचेखाली पहिलं टिपरू पडलं
तशी आधी मागची पोरं वळली,
मग बाया,
मग ती सबंध गर्दी, घट्ट कणीक सैल पडावी तशी,
हळूहळू वर सरकली.
माझ्या छातीपुढं चार बोटं हवा आली.

त्या साली पालखी ढोलाशिवाय पार झाली.
देवीचे दोन धरून चोपन्न,
आणि कुणी बोललं नाही.
नुसतं इंजिन,
आणि गोंड्यांतले घुंगरू, जे आहेत
हे मला बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं.
पलीकडे लोकांना ती आल्याचं कळलंच नाही.
जाळं धुणारी एक पोरगी तेवढी उभी राहिली,
ओल्या हातांनीच जोडले तिनं हात.

मागे राहिलेल्यांना सहा फेऱ्यांत नेलं.
मयेकरीण एका चपलेनं चढली, टोपलीचे पैसे देत नाही म्हणाली.
धाकू शितप अजून माझ्याशी बोलत नाहीत.

शेवटची फेरी लागली तेव्हा साडेअकरा,
पाणी परत चढत होतं, पाच पायऱ्या झाकल्या होत्या.
उस्माननं कमरेचा अडकित्ता काढला,
म्हणाला, एक दे.
दिली.
अर्धी त्यानं खाल्ली, अर्धी मी.

उद्या त्रेपन्नच घेणार.