अधिक सी

कापगते सर अर्धा गुण कापायचे.
आडनाव तसं आहे म्हणून नव्हे,
शेवटी अधिक सी लिहिलं नाही म्हणून.
"भूमेश्वरी, सारं संकलन बरोबर,
अन् उंबरठ्यावर येऊन बसलीस खाली?"

साकोलीहून सायकलवर यायचे सर,
दांडीला डबा, खिशात खडूचे तीन तुकडे.
वर्गात आम्ही अकरा, मुली चार,
रोवणीच्या दिवसांत मी एकटी.
तेव्हाही फळ्याकडे तोंड करून
मोठ्यानं शिकवायचे, जणू बाकं भरलेली.

विकलन ही उतरण आहे, ते म्हणत,
हात सोडले तरी सायकल जाते.
संकलनात खुरांवरून बैल ओळखायचा.
आधी पाहायचं. बराच वेळ नुसतं पाहायचं,
माझा बाप पाण्याकडे पाहतो तसं.

कंसात कुणी दाटीनं बसलं असेल
आणि त्याचंच विकलन बाहेर दाराशी उभं,
तर आतल्याला टी म्हण, गणित हलकं होतं.
पण टी उसना. शेजारची पायली
धान मोजून झालं की परत करतो ना?
एक्स जागेवर ठेव, मग घरी जा.

खंडशः करताना मी फसायचे.
पहिलं कुणाला धरू, दुसरं कुणाला?
लॉग असला तर तोच पहिला, सर म्हणत,
विकलनाला गरीब, संकलनाला हट्टी.
ई चा एक्स घात साइनला सोबत घेऊन आला त्या दिवशी
मी तलावाच्या पाळीवरून निघावं,
दोन वळसे घालावेत
आणि पुन्हा त्याच दगडापाशी यावं, तसं झालं.
रडकुंडीला आले. सर हसले नाहीत.
"तेच आलं ना? उलट्या चिन्हानं?
मंग उचल त्याले, बरोबरच्या पलीकडं ठेव.
दोन झाले. दोननं भाग."
एवढंच. मी न सोडवताच ते सुटलं होतं.

एकदा फळ्यावर ई चा घात उणे एक्स वर्ग.
टी घेऊन पाहिला, चालेना.
खंड पाडले तर आणखी जड झालं.
घंटा वाजली, पोरं डबे उघडायला लागली.
सरांनी खडू ठेवला, हात पँटीला पुसला.
"उत्तर आहे, पोरी. फक्त
आपल्याजवळच्या शब्दांत त्याचं नाव नाही."

माझा बाप मामा तलावाचा पाटकरी.
त्याच्या वहीत पातळी नाही, नुसता फरक.
आज दोन बोटं उतरलं.
आज चार बोटं चढलं.
आज तसंच.
पहिली पानं उधईनं खाल्लेली.

बारावीच्या परीक्षेनंतर ती वही घेऊन बसले,
फरकाला फरक जोडत, आलेखकागद संपेपर्यंत.
कागदावर वर्षं उठली, त्यांचे खांदे, त्यांची पोकं,
तुडुमाचं लाकूड कुजलं आणि रातोरात
अर्ध्या बांध्या बुडाल्या तो कडा.
आकार सगळा मिळाला.
तो कागदावर किती उंचीला टेकवायचा
हे वहीत कुठेच नव्हतं.

बाप म्हणाला, तू झालीस त्या रातीले
पाणी तिसऱ्या पायरीले होतं.
आत्या चुलीपासून ओरडली, चौथ्या!
माय म्हणाली, मले का मालूम,
मी का पाहाले गेली होती?

मी दोन्ही काढले,
बापाचा तलाव निळ्या शाईनं,
आत्याचा पेन्सिलीनं.
सारखेच चढतात, सारखेच उतरतात,
एक पायरी अंतर ठेवून,
कुठेही एकमेकांना शिवत नाहीत.

कापगते सरांना दाखवलं.
डबा तसाच राहिला, भाजीवर माशी बसली.
मग त्यांनी लाल पेन काढला,
कोपऱ्यात अर्धा गुण लिहिला
आणि विचारलं,
"चौथी पायरी म्हणजे
वरून का खालून?"