लव

पहाटे तीनला डोळे उघडतात अजून.
कुतैसीत या वेळी जागे असतात
रिओनी नदी, तिच्या काठची कुत्री
आणि पाव भाजणारे.
मी आता यांतली कुणीच नाही.
तरी उठून बसते.
पाय चपला शोधतात, हात पीठ.

तोने म्हणजे मातीचा मोठा रांजण, तळाशी निखारे.
श्वास रोखून कंबरेपर्यंत आत वाकायचं,
होडीसारखा लांबट गोळा आतल्या भिंतीला थापायचा
आणि भान जायच्या आत वर यायचं.
दिवसाला तीनशे वेळा, एकेचाळीस वर्षं.
सासू म्हणायची, विस्तवाला नमस्कार घालतेस.
मी म्हणायचे, नमस्कार कसला, मुजरा आहे हा,
पोटासाठी.

वीज नसायची त्या हिवाळ्यांत
अख्खी गल्ली माझ्या भट्टीभोवती बसायची.
भौतिकशास्त्राचे एक मास्तर निखाऱ्यांच्या उजेडात
पेपर तपासायचे.
ऊब असेपर्यंत कुणाला नापास करायचे नाहीत.
त्यांची उधारी वहीत शेवटपर्यंत राहिली.
ती वही मी ओतारला दिली नाही.
बाकी सगळं दिलं.

ओतार, बत्तिशीतला, पोलंडात ट्रक चालवून परतलेला.
किल्ली घेताना त्याने विचारलं,
मीठ किती?
मी तळहात पुढे केला: एवढं, या खळग्यापर्यंत.
त्याने आपला तळहात शेजारी धरला.
फावड्याएवढा.
दोघंही गप्प झालो.

पहिला आठवडा मी खिडकीचा पडदा उघडला नाही.
दुसऱ्या आठवड्यात रांगेत उभी राहिले.
लोक म्हणाले, त्सियाला, तू पुढे हो.
नाही झाले.
सुट्टे मोजून दिले, पाव काखेत धरला
आणि पहिल्यांदा कळलं
की घरी पोचेपर्यंत त्याचं टोक शिल्लक राहत नाही.
मीठ जास्त होतं.
सांगायला परत फिरले, तोंड उघडलं
आणि त्यात पावच कोंबला.

झुरा सालोनिकाहून फोनवर म्हणतो, आई, आता आराम कर.
तो कसा करतात, ते त्यालाही माहीत नाही.

मग एका मंगळवारी मी पोहायला गेले.
होय, मी. चौसष्टाव्या वर्षी,
बाजारातून आणलेल्या काळ्या पोशाखात,
पाठीवरचं लेबल काढायचं राहून गेलेलं.
तामुना, शिकवणारी पोर, म्हणाली,
घाबरू नका, आधी फक्त श्वास रोखून
डोकं पाण्यात घालायचं.
मी घातलं.
वर आले तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक.
इतका वेळ? कुठे शिकलात?
आगीत, म्हटलं.
तिला वाटलं, थट्टा करते आहे.

पुढचं मात्र जमेना.
हात मोकळे सोडा, म्हणे.
मोकळे म्हणजे?
बोटं आपसूक वळायची,
गोळा थापायला भिंत शोधायची.
पाणी काही थापून घेत नाही.
तीनदा बुडाले, नाकातोंडात गेलं,
एकदा तर तिच्या अंगावरच शिंकले.
चौथ्यांदा छत दिसलं,
छतावर ओलीचा एक डाग.
तो बराच वेळ तिथेच राहिला,
म्हणजे मीही.

बाहेर पडण्याआधी हात पाण्याखाली धरून पाहिले.
कोपरापर्यंत भट्टीने होरपळून काढलेले,
लग्नापासून गुळगुळीत.
त्यांवर लव उगवली आहे.
पांढरी.
एकेका केसाच्या टोकाला
हवेचा बारीक बुडबुडा.

झटकावेसे वाटले नाहीत.