तीन खोल्यांच्या चादरी

माझं काम चादरींचं.
बायकोनूरला त्या हॉटेलात, जिथे माणसं
उडण्याआधीचे पंधरा दिवस काचेआड काढतात,
दुसऱ्या मजल्यावर
मी, कुल्पाश, तेवीस वर्षं अभ्रे बदलते आहे.

चेहरे मी फारसे पाहिले नाहीत.
माझ्या तोंडावर मास्क,
त्यांच्या दारावर डॉक्टरीणबाईंचा पहारा.
पण रात्र कशी गेली
ते चादर सांगतेच.

कमांडर रोदिओनची चादर काही सांगायची नाही.
इस्त्रीची घडीसुद्धा जशीच्या तशी.
हा जमिनीवर निजतो की काय, असं वाटायचं.
जपानची फुमिए उशी कपाटात ठेवून द्यायची,
पलंगाच्या पायथ्याखाली विटा:
डोकं खाली, पाय वर,
रक्ताला आत्तापासूनच सवय हवी म्हणे.

आणि दोनशे सात.
इटलीचा दोरियानो, दोन मुलींचा बाप.
त्याची चादर रोज सकाळी
पिळून टाकलेल्या दोरासारखी,
मधोमध मिठाचा पांढरा नकाशा.
नवव्या दिवशी अभ्र्याला दातांच्या खुणा.

मी कुणाला बोलले नाही.
धोब्याने घरातली गोष्ट घाटावर नेऊ नये.

दहाव्या दिवशी ब्रेडच्या गाडीमागे वाकून
मी झुसानची एक काडी तोडली.
आमच्या माळावरचं कडू, राखाडी झुडूप.
घर सोडून जाणाऱ्याला आम्ही ते हुंगायला देतो.
नियमात बसत नाही.
बाहेरची धूळ आत नेली तर नोकरी जाते,
पेन्शनला उरली होती दोनच वर्षं.
उकळलेल्या, निर्जंतुक केलेल्या अभ्र्यात
मी ती काडी सरकवली
आणि जिन्यात बसून राहिले, पाय कापत होते.

अकराव्या दिवशी चादर थोडी सरळ होती.
की मलाच तशी दिसली?

ते गेले त्या पहाटे
लॉन्ड्रीच्या गच्चीवर मी आणि बॉयलरवाला सागिंदिक.
तो दरवेळी वर येतो आणि दरवेळी म्हणतो,
"यात बघण्यासारखं काय आहे?"
आधी उजेड आला.
उंट उठून उभे राहिले.
मग बऱ्याच वेळाने आवाज,
कानात नाही, बरगड्यांत.
वाळत घातलेले पंचे वारा नसताना हलले.
सागिंदिकने टोपी काढली, पुन्हा घातली.

आठ वाजता मी खोल्या उघडल्या.
दोनशे सातमध्ये उशी उचलली,
अभ्रा उलटा करून झटकला.
काडी नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी फेकली असेल.
कचऱ्याच्या डब्यात हात घालून पाहावं
असं मनात आलं, घातला नाही.
डबा तसाच बांधून खाली दिला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत,
ही म्हण आमच्याकडेही आहे, रजईवरून.
आणि तिथे वर, म्हणे, अंथरूण भिंतीला टांगलेलं,
पाय पसरायला खालचं-वरचं असं काही नाहीच.
दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो.
सोळा सकाळी! चादर कितीदा बदलायची, सांगा.

माझा येरसायिन इंचॉनच्या गोदीत जहाजं रंगवतो.
चार वर्षं झाली. त्याची रजई
मी दर वसंतात उन्हात घालते, झोडपते,
आणि पुन्हा तशीच घडी करून ठेवते.
त्याच्या बॅगेत काही घातलं नव्हतं मी.
भांडत होतो तेव्हा आम्ही.

संध्याकाळी सात त्रेचाळीसला ते स्टेशन
आमच्या अंगणावरून जातं, सागिंदिकच्या फोनवर वेळ येते.
दोरीवर ओल्या चादरी, तोंडात दोन चिमटे,
मी मान वर करते.
एक न लुकलुकणारा ठिपका,
घाई नाही, आवाज नाही,
पश्चिमेकडून निघून चीनच्या बाजूला जातो.
पाच मिनिटं, कधी सहा.

मला वास येतो झुसानचा.
अर्थात, कुंपणापलीकडे सगळा माळ त्याचाच आहे.